मुद्दाम ठेवलेल्या चुका

पाठपेढीच्या पहिल्या बैठकीत संचालिका आत आल्या तेव्हा सगळे शिक्षक उठून उभे राहिले. विज्ञानबाईही उठल्या. गुडघा कुरकुरला, पण उठल्या. पंचवीस वर्षांपूर्वी हीच संचालिका त्यांच्या शाळेत भाषेची शिक्षिका म्हणून लागली होती, तेव्हा तिला पाठाचं टाचणसुद्धा धड काढता येत नव्हतं. विज्ञानबाईंनी तिला हाताला धरून शिकवलं. दोघी एकाच डब्यात जेवायच्या, एका छत्रीतून घरी जायच्या, आणि शिक्षकखोलीत सगळे तिला विज्ञानबाईंची धाकटी म्हणायचे. विज्ञानबाईंच्या मनात ती अजून धाकटीच होती.

धाकटीची नजर टेबलाभोवती फिरत त्यांच्यावर आली आणि तिथे किंचित अडखळली. मग तिने सगळ्यांना सांगितलं, की आमच्या थोरल्या बाई या कामात आहेत म्हणजे आपल्याला काळजीच नको. विज्ञानबाई हसल्या. चांगलं दात दिसतील इतकं हसल्या.

पाठपेढी म्हणजे काय, तर सगळ्या शाळांच्या शिक्षकांनी आपापले चांगले पाठ एका ठिकाणी जमा करायचे, आणि ज्याला हवा त्याने तो वर्गातल्या भिंतीवरच्या पडद्यावर उघडायचा. बोट लावलं की चित्र हलतं, फुलाच्या पाकळ्या सुटतात, हृदय धडधडतं. विज्ञानबाईंना याचं वावडं नव्हतं. नवीन आलं की नाक मुरडायचं आणि आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून उसासे टाकायचे, हा त्यांचा स्वभाव नव्हे. शाळेत पडदा आला तेव्हा तो चालवायला सगळ्यांत आधी त्याच शिकल्या, आणि अडलेल्या तरुण मास्तरांच्या तारा त्यांनीच जोडून दिल्या. पण एक गोष्ट त्यांनी पस्तीस वर्षांत पाहून ठेवली होती. फळ्यावर खडूने काढलं की मुलं शंका घेतात. छापील असलं की मान डोलावतात. आणि पडद्यावर आलं, की मान डोलवायचंसुद्धा विसरतात. चित्र इतकं झकपक, की त्यात काही चुकलं असेल असं मनातही येत नाही.

म्हणूनच तर त्यांनी ती युक्ती काढली होती.

तेव्हा पडदे नव्हते. शाळेत एकच प्रोजेक्टर होता, खालून दिवा लागणारा. तो तापला की जळक्या धुळीचा वास यायचा आणि आतला पंखा म्हाताऱ्या माणसासारखा घरघरायचा. त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवला की भिंतीवर चित्र उमटायचं. विज्ञानबाईंनी, चित्रकलेच्या सरांनी आणि धाकटीने मिळून असे चाळीस कागद तयार केले. दोन वर्षं लागली. शाळा सुटली की तिघं रिकाम्या वर्गात बाकं जोडून बसत. पाठ विज्ञानबाईंचा, रेषा सरांची. नावं लिहायची धाकटीने, कारण तिचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. हसणं-खिदळणं चालायचं. सरांनी बेडकाच्या पोटात मुख्याध्यापकांचा चेहरा काढून दाखवला होता, आणि तो पुसताना धाकटीला हसून हसून उचकी लागली होती. ते दिवस आठवले की विज्ञानबाईंना आजही गळ्याशी काही तरी गोड यायचं. मग लगेच कडू.

युक्ती अशी, की चाळीसही चित्रांत एकेक चूक मुद्दाम ठेवलेली होती. मुलांनी ती शोधायची. सापडली की ओरडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. एक उठायचा, मग दोन, मग अख्खी रांग. जी मुलं एरवी खिडकीबाहेर बघत बसायची ती डोळे फाडून चित्र वाचायची. कुठलं चित्र, कुठली चूक, हे विज्ञानबाईंना तोंडपाठ होतं आणि सरांना ठाऊक होतं. धाकटीला मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असं नाही. पण सांगितलंही नाही. कुठल्याही कारागिराची असते तशी एक मूठ झाकलेली. आणि धाकटीला ते आपण होऊन कळणं शक्य नव्हतं, कारण त्या शाळेत दुसऱ्याचा तास चालू असताना आत जायची पद्धतच नव्हती. तास म्हणजे ज्याचा त्याचा संसार. दारावर टकटक करणारा शिपाई तेवढा परका. शिक्षकखोलीत ही माणसं एकमेकांच्या दुखण्याखुपण्यांत, पोरांच्या लग्नांत बुडालेली. पण पंधरा वर्षं शेजारच्या वर्गात शिकवणारा माणूस शिकवतो कसा, हे एकालाही माहीत नसायचं.

मग विज्ञानबाईंची आई अंथरुणाला खिळली. त्या चार महिने रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा प्रयोगशाळेचं कपाट रिकामं होतं, आणि धाकटी प्रशिक्षण केंद्रात मोठ्या जागेवर गेली होती. चाळीस कागद तिने केंद्राच्या प्रदर्शनात आपल्या नावावर मांडले. पहिला क्रमांक आला. मग त्यांची पुस्तिका निघाली आणि सव्वाशे शाळांत गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. विज्ञानबाई तिला भेटायला केंद्रात गेल्या तेव्हा धाकटीने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि हसत म्हणाली, "अगं, आपल्यात कसलं तुझं-माझं? शेवटी मुलांसाठीच ना?"

हे वाक्य त्यांच्या कानात बावीस वर्षं राहिलं.

त्या घरी आल्या आणि पुस्तिका चाळून पाहिली. चाळीसही चुका जशाच्या तशा छापलेल्या होत्या. केंद्राला एक ओळ लिहायची, की झालं असतं. त्यांनी कागद घेतलाही, वर तारीख टाकली. मग हात थांबला. कशाला? चोराने घर लुटताना विंचवाची डबीही उचलून नेली असेल, तर ती उघडून दाखवायला आपण कशाला धावायचं? उघडेल आपोआप. त्या वाट बघत बसल्या. वर्षं गेली. धाकटी चढत गेली, केंद्राची संचालिका झाली. डबी काही उघडली नाही.

आणि आता ती पाठपेढी काढत होती.

उद्घाटनाला एक पाठ प्रत्यक्ष घेऊन दाखवायचा होता, दोनशे शिक्षकांसमोर. कुठला, हे गटाने ठरवायचं होतं. गट म्हणजे मोबाइलवरचा. त्यावर कुणी काही टाकलं की पाच मिनिटांत वीस अंगठे आणि तीस जोडलेले हात यायचे. पाठ उघडून पाहिलेला कुणी नसायचाच. विज्ञानबाईंनी लिहिलं, की संचालिकांच्या जुन्या पुस्तिकेतला चंद्राच्या कलांचा पाठ घ्यावा, नव्या पडद्यावर तो फार खुलेल, आणि त्यांनी स्वतःच शिकवावा, म्हणजे नव्या लोकांना अस्सल काय ते दिसेल. अंगठ्यांचा पाऊस पडला. धाकटीने लाजऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकलं. विज्ञानबाईंनी फोन उशीवर पालथा ठेवला आणि कितीतरी वेळ एकट्याच हसत बसल्या.

त्या पाठात आठ चंद्र होते. मधे पृथ्वी, डाव्या हाताला सूर्य, आणि पृथ्वीभोवती गोल आठ चंद्र. प्रत्येक चंद्र अर्धा पांढरा, अर्धा काळा. सूर्य डावीकडे म्हटल्यावर प्रत्येकाची डावी बाजूच पांढरी हवी. उजेड काही वळसा घालून मागून येत नाही. सहाव्या चंद्राची मात्र उजवी बाजू पांढरी होती. सातवीतल्या मुलांना ती चूक सापडायला विज्ञानबाईंच्या वर्गात सरासरी चार मिनिटं लागायची.

हे गुपित कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. त्या चित्रकलेच्या सरांकडे गेल्या. सर मुलाकडे राहत होते, हात कापायचा, तरी रोज पानभर रेघोट्या ओढायचे. ऐकून आधी ते खो खो हसले. मग म्हणाले, की बाई, आपण त्या चुका मुलांना सापडाव्यात म्हणून ठेवल्या होत्या, तुम्ही तर त्या पुरून ठेवल्यात. विज्ञानबाईंनी आठवण करून दिली, की तिने तुमचंही नाव चोरलं आहे. सरांनी कापता हात हवेत उडवला.

"माझं नाव? अहो, फुकट वाटलं तरी कुणी घेत नाही."

तरी त्या निघाल्या तेव्हा ते दारापर्यंत आले आणि विचारलं, की ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी पडद्यापाशी आणखी कोण उभं असेल. विज्ञानबाई म्हणाल्या, की ती एकटीच. खरं म्हणजे त्यांना ठाऊक होतं, की तसं नाही.

पडदा चालवायला त्यांची भाची असणार होती.

भाची म्हणजे सख्ख्या बहिणीची मुलगी. दोन वर्षांपूर्वी विज्ञानबाईंच्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागली होती. लहानपणी सुट्टीभर मावशीकडेच असायची, भिंगाने मुंग्या बघत. शाळेत दोघींनी नियम पाळला होता. तिथे मावशी नाही, तिथे बाई, आणि अहो-जाहो. मुलांना तर पत्ताच नव्हता, की या दोघी एका घरच्या आहेत. भाची हुशार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे सरळ होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप काखोटीला मारून घरी आली. सगळा पाठ तिने नव्याने बसवला होता. बोट लावलं की चंद्र फिरायचे, सूर्याची किरणं यायची, तारे लुकलुकायचे. मूळ चित्राला मात्र तिने हात लावला नव्हता. संचालिकांचं चित्र, तिने कशाला बदलावं? ती म्हणाली, "मावशी, एकदा नजर घाल ना. तुझ्या नजरेखालून गेलं की मी निर्धास्त."

विज्ञानबाईंनी चष्मा लावला. सहावा चंद्र समोर होता, पाठमोरा उजेड घेऊन, सरांच्या हातचा, जसाच्या तसा. त्यांनी बराच वेळ पाहिलं. हिला सांगितलं तर ही संध्याकाळच्या आत दुरुस्त करणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. एवढंच नाही, तर संचालिकांना फोन करून सांगणार; त्या म्हणणार शाबास पोरी, आणि सुंठीवाचून खोकला जाणार. बावीस वर्षं पाण्यात. आणि शिकवणार तर धाकटी आहे, ही नुसती बाजूला उभी राहून बटणं दाबणार, हिच्या अंगाला काय चिकटतं? असं त्यांनी स्वतःला समजावलं. समजावताना नजर लॅपटॉपवरून हलली नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"ठीक, की छान?"

"अगं, ठीक म्हणजे ठीक."

भाचीने त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी केंद्राचं सभागृह भरलं होतं. दोनशे शिक्षक, पुढे गालिच्यावर शेजारच्या शाळेतली तीस मुलं, भिंतभर पडदा. विज्ञानबाई तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या. ठेवणीतलं लुगडं नव्हे, पण चांगलं इस्त्रीचं पातळ नेसून आल्या होत्या. माणूस कुणाच्या तरी फजितीला जाताना सुद्धा नटतोच. भाषणं झाली. धाकटी उभी राहिली, माइक हातात घेतला, आणि म्हणाली, की हा पाठ तिने तरुणपणी, हाताशी काही साधन नसताना, स्वतःच्या हाताने तयार केला. त्याची प्रत्येक रेघ तिच्या घामाची आहे. टाळ्या. मग ती म्हणाली, "पण मी आता जुनी झाले. पाठ माझा, शिकवेल मात्र आपली नवी पिढी." आणि तिने माइक भाचीच्या हातात दिला.

हे ठरलेलं नव्हतं.

भाची क्षणभर गोंधळली, मग सावरली. शिकवायला तिला सांगावं लागत नसे. तिने मुलांना पुढे बोलावलं, चंद्र फिरवला, पहिला, दुसरा, तिसरा. मुलं डोळे विस्फारून बघत होती. विज्ञानबाईंनी खुर्चीचा हात धरला. चौथा. पाचवा. सहावा पडद्यावर मोठा झाला, अख्ख्या भिंतीएवढा, आणि भाची म्हणाली, की बघा, इथे उजेड या बाजूला आहे. तिने उजवीकडे बोट ठेवलं. मुलांनी माना डोलावल्या.

आता कुणी तरी उठेल. विज्ञानबाईंनी आधी मुलांकडे पाहिलं, मग मान वळवून मागे. दोनशे शिक्षक. निम्मे विज्ञानाचे. कुणी फोटो काढत होतं, कुणी वहीत उतरवून घेत होतं, एकीने तर तो उलटा चंद्र काळजीपूर्वक छायेसकट काढला. कुणी उठलं नाही. कुणाच्या कपाळावर आठीही पडली नाही. यांतले अर्धे लोक ही पुस्तिका वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्यांना हाच चंद्र बरोबर वाटत होता. भाची सातव्याकडे वळली, आठव्याकडे वळली, पाठ संपला, आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. धाकटी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

विंचवाची डबी उघडली होती, आणि विंचू सगळ्यांच्या अंगाखांद्यावर पाळीव होऊन बसला होता.

विज्ञानबाई उठल्या. त्या आता बसून राहिल्या असत्या तर पोर वाचली असती, हे त्यांना उठतानाही कळत होतं. पण टाळ्या सहन होईनात.

धाकटीने त्यांना पाहिलं आणि कौतुकाच्या सुरात म्हणाली, की आमच्या थोरल्या बाईंना काही बोलायचं आहे. कुणी तरी दुसरा माइक आणून दिला. विज्ञानबाईंनी भाचीकडे बघायचं टाळलं.

"हा पाठ तुम्ही स्वतः तयार केलात, नाही का?"

"हो. सांगितलं ना मी."

"प्रत्येक रेघ?"

"प्रत्येक रेघ, बाई." हसू अजून तसंच होतं.

"मग एक सांगा. यात आठ चंद्र आहेत. त्यांतला एक मुद्दाम चुकीचा काढलेला आहे, मुलांनी शोधावा म्हणून. ज्याने पाठ तयार केला त्याला तो माहीत असणारच. कोणता?"

धाकटी पडद्याकडे वळली. तिने आधी नावं वाचली, अमावास्या, पौर्णिमा, एकेक अक्षर, कारण तिच्या हातची तेवढीच होती. नावांत चूक नव्हती. मग तिची नजर चंद्रांवरून फिरू लागली, एकदा, दोनदा, जशी नापास होणाऱ्या मुलीची प्रश्नपत्रिकेवरून फिरते. तिच्या मानेवर तांबडे डाग उमटले. विज्ञानबाई बघत होत्या. एकेक डाग त्यांनी पाहून घेतला. बावीस वर्षांची तहान होती ती. घोट घोट प्यायल्या.

"सहावा," भाची म्हणाली.

ती पडद्यापाशी उभी राहून मान वर करून बघत होती. माइक तिच्या हातात होता, त्यामुळे ते पुटपुटणंसुद्धा सगळ्यांना ऐकू गेलं. मग ती वळली, आणि दोनशे माणसांसमोर तिने शाळेतला नियम मोडला.

"मावशी, काल तू पाहिला होतास हा."

विज्ञानबाईंच्या आधी धाकटीच बोलली. तिचा आवाज चिरकला होता. तिने विचारलं, की तुला पहिल्यापासून माहीत होतं? बावीस वर्षं? पुस्तिका सव्वाशे शाळांत गेली आणि तू गप्प बसलीस? विज्ञानबाई म्हणाल्या, "मी गप्प बसले. पाठवली तू." हे उत्तर त्यांनी किती रात्री घोळवून ठेवलं होतं. सणसणीत लागलंही. दोघी आणखी बरंच काही बोलल्या असत्या, पण मागच्या रांगेतून एक मास्तर उठला, टक्कल पडलेला, साधा. त्याने सांगितलं, की तो बारा वर्षं हाच चंद्र शिकवत आला आहे. एकदा शंका आली होती, पण छापील पुस्तकापुढे आपली काय टाप, म्हणून गप्प बसला. मग त्याने दोघींकडे पाहिलं.

"तुमच्या दोघींच्या भांडणात माझी मुलं कुठे बसत होती, तेवढं सांगा."

धाकटी दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेली. तिची जागा राहील की नाही याची चर्चा सुरू झाली, आणि पुस्तिकेवरून तिचं नाव काढायचं ठरलं. विज्ञानबाई त्या दिवशी घरी चालत गेल्या, दोन घास जास्त जेवल्या, आणि गाढ झोपल्या. खोटं कशाला सांगा? सूड गोड लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो घेतलेला नसतो.

मग केंद्राचं पत्र आलं. चाळीसही पाठांतल्या चुका लिहून द्याव्यात, म्हणजे सगळ्या शाळांना कळवता येतील. लिहून घ्यायला भाचीला नेमलं होतं.

ती रविवारी आली. दारातच चप्पल काढून, पाहुणी बसते तशी खुर्चीच्या कडेला बसली, लॅपटॉप मांडीवर. विज्ञानबाईंनी पाणी आणलं. ती म्हणाली, "नको, मी घेऊन आले आहे. तुम्ही सुरुवात करा."

तुम्ही. या घरात. विज्ञानबाई पाण्याचा पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग तो टेबलावर ठेवून त्यांनी सुरुवात केली.

त्यांना एकही चूक आठवावी लागली नाही. कोळ्याचे सात पाय. हृदयातली एक झडप उलटी. मुळातून वर जाणाऱ्या पाण्याचा एक बाण खाली. भाची टाइप करत होती, मान वर करत नव्हती. मधेच विज्ञानबाईंनी सांगितलं, की कोळ्याची चूक एका मुलाला चित्र भिंतीवर पडता पडताच सापडली होती, तो नंतर डॉक्टर झाला. भाचीने विचारलं, की हे यादीत घ्यायचं आहे का. त्या नाही म्हणाल्या.

एकोणतिसावा कागद मेणबत्तीचा होता. बशीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वर पालथी बरणी. मेणबत्ती विझते आणि पाणी बरणीत चढतं. विज्ञानबाई म्हणाल्या, की चित्रात धूर खाली जाताना दाखवला आहे, तो वर जायला हवा. भाचीने लिहिलं.

"आणि दुसरी?"

"दुसरी नाही. एका चित्रात एकच."

भाचीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. चित्राखाली धाकटीच्या मोत्यासारख्या अक्षरात विज्ञानबाईंचंच वाक्य होतं. मेणबत्ती जळताना बरणीतला प्राणवायू संपतो, आणि त्याची जागा घ्यायला पाणी वर चढतं. भाची शांतपणे म्हणाली, की तिने हा प्रयोग या आठवड्यात तीनदा करून पाहिला. या यादीसाठी सगळेच करून पाहते आहे ती. मेणबत्ती जळत असते तोवर पाणी जवळजवळ हलत नाही. विझल्यावर चढतं, एकदम. प्राणवायू संपल्यामुळे चढत असतं तर जळत असतानाच हळूहळू चढायला हवं होतं. आतली हवा तापून फुगलेली असते, ज्योत विझली की गार होऊन आकसते, म्हणून बाहेरचं पाणी आत ढकललं जातं.

विज्ञानबाईंनी चष्मा काढला. पस्तीस वर्षांतल्या साऱ्या बरण्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. दरवर्षी एक, सातवीच्या दोन तुकड्या धरल्या तर दोन. प्रत्येक वेळी ज्योत विझल्यावर पाणी झपकन उडी मारून वर जायचं आणि पोरं आ करायची. ते झपकन त्यांनी सत्तर वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. एका मुलीने एकदा विचारलंही होतं, की बाई, आधी का नाही चढलं? लांब वेणीची, दुसऱ्या बाकावरची. तिला त्यांनी खाली बसवलं होतं, तास संपत आला होता म्हणून.

"ही पण मुद्दाम ठेवलेली का?" भाचीने विचारलं. बोटं टाइप करायला तयार होती. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं.

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. कुणाला कळणार होतं? सरांनी मान डोलावली असती. धाकटीला तर माहीत असायचा प्रश्नच नव्हता. समोर बसलेली ही पोर मात्र बोटं थांबवून वाट बघत होती. तिला लहानपणी मुंगीचे पाय मोजायला त्यांनीच शिकवलं होतं.

"नाही," विज्ञानबाई म्हणाल्या. "ही माझी."

भाचीने तसंच टाइप केलं. क्रमांक एकोणतीस, दुसरी चूक, मुद्दाम ठेवलेली नाही. पुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. मग तिने पुन्हा एकदा वाचून पाहिलं आणि विचारलं,

"तिसाव्यात काय आहे?"